बॅटरीला दोष देण्यापूर्वी

नव्या मोटारीची किल्ली हातात आली, पेढे वाटून झाले, की बहुतेक घरांत दुसरी खरेदी सुरू होते. आपण घेतलेल्या प्रकारात टचस्क्रीन नव्हता, म्हणून तो बाहेरून बसवायचा. गाडी मागे घेताना दिसावे म्हणून कॅमेरा, अपघातात पुरावा असावा म्हणून डॅशकॅम, रात्री अधिक स्पष्ट दिसावे म्हणून एलईडी दिवे, दोन सुरांचा हॉर्न, आणि मुलाने नेलेली गाडी कोठे आहे हे मोबाईलवर कळावे म्हणून जीपीएस यंत्र. कंपनीच्या शोरूममध्ये याच वस्तूंना जो भाव पडतो, त्याहून पुष्कळ कमी किमतीत त्या बाहेरच्या दुकानात मिळतात. दोन तासांत बसवूनही देतात. यात वावगे काही नाही. काटकसर हा गुणच आहे. मात्र मोटारीला जोडलेली प्रत्येक विद्युत वस्तू एका मर्यादित साठ्यातून वीज घेते. ती कोठून घेते, किती घेते आणि केव्हा घेणे थांबवते, हे तीन प्रश्न दुकानात सहसा कोणी विचारत नाही. पुढे जो मनस्ताप होतो, त्याचे मूळ बहुधा याच तीन प्रश्नांत असते.

मागील अंकात वाहन विम्याच्या नूतनीकरणाविषयी लिहिले होते. त्यावर सांगलीच्या एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले. त्यांचे यजमान नोकरीनिमित्त आखातात असतात, घरी वृद्ध सासरे आणि शाळकरी मुलगी. गाडी दीड वर्षाची. वर्षभरापूर्वी टचस्क्रीन, मागचा कॅमेरा आणि डॅशकॅम बसवून घेतला. त्यानंतर गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ लागेनासा झाला. एकदा बॅटरी बदलली, सहा महिन्यांत दुसऱ्यांदा बदलली. सर्व्हिस सेंटर म्हणते, 'बाहेरच्या वस्तू लावल्यात, आमची जबाबदारी नाही.' दुकानदार म्हणतो, 'आमची वस्तू उत्तम चालते आहे, बॅटरीच खराब.' बॅटरीवाला म्हणतो, 'गाडी रोज चालवत जा.' आणि मग एका रात्री दोन वाजता सासऱ्यांच्या छातीत दुखू लागले. या किल्ली फिरवीत राहिल्या, आणि बॉनेटखालून टक्-टक् एवढाच आवाज येत राहिला. शेजाऱ्यांनी आपली गाडी काढली म्हणून वेळेवर रुग्णालय गाठता आले. आजोबा आता बरे आहेत. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले होते, 'भाऊ, तिसरी बॅटरी घेऊ का?'

मी व्यवसायाने विद्युत अभियंता नाही. उमेदीची बरीच वर्षे बँकेच्या तपासणी विभागात गेली. परंतु ताळा जुळत नसेल तेव्हा काय करायचे, हे त्या खात्यात शिकायला मिळते, आणि ती शिस्त येथे तंतोतंत लागू पडते. तेरीज कालपर्यंत जुळत होती आणि आज जुळत नाही, तर आधी पाहायच्या त्या आजच्या नोंदी. दहा वर्षांपूर्वीचे खातेपुस्तक उघडत बसायचे नसते. मोटारीतही पहिला प्रश्न हाच असावा: बिघाड सुरू होण्याच्या लगेच आधी गाडीत काय नवे आले? जुनी बिले काढून तारखा मांडाव्यात. टचस्क्रीन अमुक तारखेला, पहिला बिघाड त्यानंतर दहा दिवसांनी, असे कागदावर आले की निम्मा तपास झाला. अर्थात तारीख जुळली म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही. पावसाळ्यात उंदीरही वायरी कुरतडतात आणि बॅटरीचेही वय होते. पण तपास कोठून सुरू करावा हे तारखेवरून ठरते.

आता बॅटरीचा हिशेब. आपल्याकडच्या लहान मोटारींत साधारणतः १२ व्होल्टची, ३५ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी असते. याचा ढोबळ अर्थ असा की, एक अँपिअर प्रवाह सतत घेतला तर ती सुमारे ३५ तास पुरेल. इंजिन चालू असताना अल्टरनेटर हे खाते भरत असतो. इंजिन बंद झाले की जमेची बाजू थांबते आणि फक्त खर्च उरतो. गाडी कुलूपबंद असतानाही थोडा खर्च होतच असतो. घड्याळ, किल्लीचा संदेश ओळखणारी यंत्रणा, चोरीविरोधी अलार्म आणि इंजिनच्या संगणकाची स्मृती यांना थोडी वीज लागते. हा खर्च साधारण ३० ते ५० मिलिअँपिअर असला तर तो रास्त समजतात. ५० मिलिअँपिअर धरले, तर चोवीस तासांत १.२ अँपिअर-तास. म्हणजे भरलेली बॅटरी निम्मी व्हायला जवळजवळ दोन आठवडे लागतील.

आता त्यात एखादा डॅशकॅम अखंड चालू राहिला असे समजा. त्याची भूक साधारण तीन वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर २५० मिलिअँपिअर. मूळचे ३० त्यात मिळवले की २८० झाले. दिवसाला ६.७ अँपिअर-तास आणि चार दिवसांत सुमारे २७. पस्तिसांतून सत्तावीस गेल्यावर उरलेल्या शिल्लकीत सेल्फ फिरत नाही, कारण इंजिन फिरवायला त्या एका क्षणी शंभराहून अधिक अँपिअर लागतात. यात बॅटरीचा काहीच दोष नसतो. उलट, मोटारीची बॅटरी अशी वारंवार तळाशी नेली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून नवी आणलेलीही काही महिन्यांत खरोखरच निकामी होते, आणि 'बॅटरीच खराब' हे विधान उशिरा का होईना, खरे ठरते. गळती तशीच ठेवून बॅटरी बदलणे म्हणजे फुटक्या रांजणात नवे पाणी भरणे.

ही गळती मोजता येते. त्यासाठी लागणारा साधा मल्टिमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. पहिली तपासणी कोणीही करू शकेल. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, किल्ली न फिरवता, बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजावेत. १२.६ किंवा अधिक असल्यास बॅटरी पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग इंजिन सुरू करून पुन्हा मोजावे. साधारण १३.८ ते १४.५ आले तर अल्टरनेटर आपले काम करतो आहे. काही नव्या गाड्यांत संगणक हा आकडा गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो, एवढे ध्यानात ठेवावे. रात्री १२.६ आणि चौथ्या दिवशी सकाळी ११.९ अशी घसरण दिसली, तर गळतीचा संशय पक्का धरावा.

दुसरी तपासणी प्रत्यक्ष गळतीची. ती अनुभवी इलेक्ट्रिशियनकडून आपल्या समक्ष करून घ्यावी. गाडी बंद करून, सर्व दारे लावून, किल्ली दूर ठेवावी. बॉनेट उघडे राहणार असेल तर त्याचा खटका हलकेच दाबून ठेवतात, म्हणजे गाडीला ते बंद असल्याचे वाटते. त्यानंतर किमान अर्धा तास थांबावे, कारण आधुनिक गाडीतील संगणक लगेच झोपत नाहीत. काहींना याहून अधिक वेळ लागतो. घाईने मोजलेला आकडा नेहमी मोठा दिसतो आणि नसलेल्या दोषामागे धावायला लावतो. मग बॅटरीची ऋण वायर काढून, ती वायर आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मीटर जोडतात. वायर काढल्या-जोडल्याने गाडी पुन्हा जागी होते, म्हणून आकडा स्थिर होईपर्यंत पुन्हा थांबावे. मीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावलेला हवा. तो जोडलेला असताना सेल्फ मारू नये आणि हेडलाइटही लावू नयेत. नाहीतर मीटर जळतो. ज्यांच्याकडे वायरीभोवती अडकवायचा डीसी क्लॅम्प मीटर आहे, त्यांना वायर काढावीच लागत नाही.

आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर प्रश्न मिटला. अधिक असेल तर फ्यूज एकेक करून काढावेत. ज्या फ्यूजनंतर आकडा एकदम खाली येतो, गळती त्याच वाटेवर आहे. पण बाहेरून बसवलेल्या वस्तू कित्येकदा गाडीच्या फ्यूजपेटीला वळसा घालून थेट बॅटरीवरून जोडलेल्या असतात. म्हणून आधी त्याच एकेक करून सोडवाव्यात. खतावणीतली एकेक नोंद वेगळी काढून बेरीज पुन्हा करावी, तसाच हा प्रकार आहे.

सांगलीच्या भगिनींना हीच पद्धत लिहून कळवली. त्यांनी घराजवळच्या एका जाणत्या इलेक्ट्रिशियनला घरी बोलावले आणि मुलीला वही घेऊन शेजारी बसवले. पहिला आकडा आला २८०. टचस्क्रीनचा फ्यूज काढला, आकडा जवळजवळ तसाच. कॅमेरा सोडवला, तरी फरक नाही. डॅशकॅमची वायर सोडवताच आकडा ३० वर आला. दुकानदाराने ती वायर गाडीच्या आतल्या दिव्याच्या फ्यूजवरून घेतली होती, आणि त्या फ्यूजला किल्ली काढल्यावरही वीज असते. ती वायर किल्लीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवर नेताच काम झाले. तिसरी बॅटरी घ्यावी लागली नाही. गेल्या महिन्यात दहा दिवस उभी राहिलेली गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाल्याचे त्यांनी कळवले आहे.

गाडी उभी असतानाही डॅशकॅमने चित्रण करावे अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनी बॅटरीचे व्होल्ट ठरावीक पातळीखाली गेले की आपोआप बंद होणारी जोडणी मागावी. ती पातळी १२.२ च्या आसपास ठेवली, तर सेल्फपुरती शिल्लक राहते. गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये खोचायच्या जीपीएस यंत्रांनाही हेच लागू आहे. स्टिअरिंगखालच्या त्या सॉकेटला थेट बॅटरीची वीज कायम असते. किल्ली काढल्याने ते यंत्र बंद होईलच असे नाही.

इतर तक्रारींचाही उगम बहुतेक वेळा जोडणीतच सापडतो. बाजारातल्या बहुतेक टचस्क्रीनला दोन वीजवाहक वायरी असतात: पिवळी कायम विजेची, तर लाल किल्लीबरोबर चालू-बंद होणारी, काळी अर्थची. लाल आणि पिवळीची अदलाबदल झाली तर टचस्क्रीन दर वेळी घड्याळ आणि रेडिओची केंद्रे विसरतो. दोन्ही कायम विजेवर जोडल्या, तर तो बंद दिसला तरी आतून जागाच राहतो आणि बॅटरी उतरते. स्पीकरमधून इंजिनच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ ऐकू आली, तर अर्थची जोडणी प्रथम तपासावी. रंगावरच घट्ट केलेला स्क्रू हे त्याचे नेहमीचे कारण. रंग खरवडून उघड्या धातूवर अर्थ घेतला आणि सर्व वस्तूंचा अर्थ एकाच ठिकाणी आणला, की ती शीळ बहुधा थांबते. संकेतदिव्याचा एक बल्ब बदलून एलईडी लावल्यावर तो भराभर लुकलुकू लागला, तर तो बिघाड नव्हे. एलईडी फार कमी वीज घेतो, म्हणून गाडीला बल्ब उडाल्याचा भास होतो.

आता या लेखातील सर्वांत गंभीर मुद्दा. फ्यूज वारंवार उडत असेल, तर अधिक अँपिअरचा फ्यूज बसवणे हा उपाय नाही. तो आगीला दिलेला परवाना आहे. फ्यूजचे रंग ठरलेले असतात: लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. लाल फ्यूजच्या जागी हिरवा दिसला, तर कोणीतरी दोष शोधण्याऐवजी पहारेकऱ्यालाच झोपवले आहे असे समजावे. फ्यूज हा वस्तूपेक्षा वायरीचे रक्षण करण्यासाठी असतो. हेडलाइटचे मूळ ६० वॅटचे दोन बल्ब मिळून १२ व्होल्टवर १० अँपिअर घेतात. त्यांच्या जागी शंभर वॅटचे लावले, तर जवळजवळ १७ घेतात. वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह पावणेदोन पटीच्या आत राहिला, तरी त्याच वायरीतील उष्णता सुमारे पावणेतीन पट होते. बल्बचा होल्डर वितळतो, वायरीचे आवरण कडक होऊन तडकते, आणि त्याला पिळून टेप गुंडाळलेला एखादा सैल जोड मिळाला की पुढचे सांगायला नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली टेपचा गोंद वितळतो, पावसाळ्यात त्याच जोडात ओल शिरते. अधिक वीज घेणारी वस्तू लावायचीच असेल, तर स्वतंत्र जाड वायर, बॅटरीच्या अगदी जवळ स्वतःचा फ्यूज आणि मधे रिले, या तीन गोष्टींवाचून लावू नये. जळका वास आला किंवा एखादी वायर हाताला गरम लागली, तर ती वस्तू त्याच क्षणी बंद करून सोडवावी. चालेल तोवर चालवू, असा विचार येथे करू नये.

काही वायरींना घरी हातच लावू नये. बहुतेक गाड्यांत एअरबॅगच्या वायरी आणि कपलर पिवळ्या रंगाचे असतात. तेथे वीज घेणे तर दूरच, टेस्ट लॅम्पही टेकवू नये. डॅशकॅमची वायर पुढच्या खांबातून खाली आणताना, पडदा एअरबॅग असलेल्या गाडीत ती एअरबॅगच्या पुढून नेलेली नाही ना, हे पाहावे. एअरबॅग उघडताना अशी वायर तिच्या आड येते. हायब्रिड आणि विद्युत मोटारींतील नारिंगी जाड केबल तर शेकडो व्होल्टच्या असतात. त्यांचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच.

पैशाची बाजूही पाहू. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटी पुस्तिकेत, बाहेरून बसवलेल्या वस्तूंमुळे झालेले नुकसान वॉरंटीत येत नाही, असे नमूद असते. सर्वसाधारण मोटार विम्यात यांत्रिक किंवा विद्युत बिघाड हा भरपाईतून वगळलेला असतो. आगीने झालेली हानी मात्र स्वहानी विम्यात येते. ज्या विद्युत वस्तू गाडीच्या मूळ किमतीत धरलेल्या नाहीत, त्या जाहीर करून पॉलिसीत स्वतंत्रपणे समाविष्ट कराव्या लागतात. मोटार टॅरिफमध्ये त्यासाठी आयएमटी-२४ हे कलम असून त्याचा दर वस्तूच्या मूल्याच्या ४ टक्के होता. २५,००० रुपयांच्या वस्तूंवर तो हजार रुपये होई. आपल्या कंपनीचा आजचा दर विचारून घ्यावा. न जाहीर केलेल्या वस्तूंची भरपाई मिळेल असे गृहीत धरू नये, आणि दाव्याच्या वेळी न कळवलेल्या जोडणीवरून वाद उद्भवण्याची शक्यताही राहते. हजारभर रुपये वाचवून तो वाद ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

म्हणून पुढच्या वेळी दुकानात जाताना एवढे करावे. मूळ वायर न कापता, कपलरला कपलर जोडून वस्तू बसेल अशी मागणी करावी. बहुतेक गाड्यांसाठी तसे तयार कपलर मिळतात, आणि त्यांचे थोडे अधिक पैसे आनंदाने द्यावेत. वीज कोणत्या फ्यूजवरून घेतली, किल्ली काढल्यावर ती बंद होते का, वस्तूचा स्वतंत्र फ्यूज कोठे आहे आणि किती अँपिअरचा आहे, अर्थ कोठे घेतला, या चार गोष्टी बिलावर लिहून घ्याव्यात. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्यावे. एका वेळी एकच वस्तू बसवावी आणि आठवडाभर पाहून मगच दुसरी लावावी, म्हणजे बिघाड झालाच तर कोणामुळे, हा वाद उरत नाही. ते बिल गाडीतल्या कप्प्यात, नोंदणीपत्राच्या शेजारी ठेवावे.

ज्या घरात वृद्ध माणसे आहेत किंवा लहान मुले आहेत, तेथे दारात उभी असलेली गाडी हा मोठा आधार असतो. मध्यरात्री किल्ली फिरवल्यावर ती सुरू व्हावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. आपल्या गाडीत बाहेरून बसवलेली एखादी वस्तू असेल, तर या रविवारी सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, बॅटरीचे व्होल्ट मोजून पाहावेत आणि तो आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवावा. पुढच्या रविवारी पुन्हा मोजावा. दोन आकड्यांतील फरक आपल्याला पुरेसे सांगून जाईल.